वेंगुर्ल्याचा नाईक मास्तर

मी परदेशी माणूस आहे, हे मला महाडात आल्यावर कळलं. त्याआधीची तेवीस वर्षं मी स्वतःला फोंड्याजवळच्या एका गावातल्या नाइकांचा धाकटा मुलगा समजत होतो. (माझ्या वडिलांच्या मते तेवढं समजायचीही माझी लायकी नव्हती, पण तो विषय वेगळा.)

गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. लहानपणी चार वर्षं मी त्यांच्या शाळेत गेलो, पुढे बेळगावला मामांकडे राहून बी. ए. झालो. फाल्गुनात माझं शेवंतीशी लग्न झालं आणि जूनमध्ये महाडच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली, म्हणून आम्ही दोघं हद्द ओलांडून आलो. एक ट्रंक, एक वळकटी, नारळ-कोकमांची एक गोणी आणि मेणकापडाच्या पिशवीत आमचे सगळे कागद. हद्दीवरच्या शिपायाने ते कागद इतक्या वेळा खालीवर करून पाहिले, की हा फोटोतला माणूस मीच का, अशी मलाही शंका यायला लागली.

शाळेच्या मागे एक खोली होती. तिच्यात नकाशे, लेझिमी आणि मोडके बाक ठेवत. हेडमास्तरांनी ती आम्हाला तात्पुरती दिली. रोज सकाळी डोळे उघडले की समोर दक्षिण अमेरिका दिसायची. शेवंतीने बाक एकावर एक रचून त्यांचं फडताळ केलं, लेझिमी खुंटीला टांगल्या आणि तीन दिवसांत तिथे आमटीचा वास दरवळायला लागला. वरच्या वर्गातली मुलं बीजगणित सोडून नाकं वर करून बसायची.

गणपतीच्या सुमारास शेवंतीला दिवस गेल्याचं सगळ्यांना दिसायला लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंचं पत्र बेळगावच्या मामांमार्फत आलं: सातव्या महिन्यात पाठवा, मी वाट पाहते. पण त्या पावसाळ्यात हद्दीवरचे परवाने आणखी आवळले होते. मी मामलेदार कचेरीत विचारायला गेलो. तिथल्या कारकुनाने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"जायला हरकत नाही," तो म्हणाला.

"आणि परत यायला?"

"ते आम्ही कसं सांगणार? परत येणं पोर्तुगिजांच्या हातात."

मी घरी येऊन शेवंतीला हे जसंच्या तसं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"मग जायचं नाही," ती म्हणाली. "मूल तिकडे आणि बाप इकडे, असलं मला नको."

त्या संध्याकाळी तिने दोन वाडगे पेज खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं, बरं झालं, हिने मनाला लावून घेतलं नाही. बायकोच्या मनातलं ओळखण्यात मी तेव्हा असा होतो. पुढेही फारसा सुधारलो नाही.

दिवाळीच्या सुटीआधी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. खोलीची प्रयोगशाळा करायची, असं शाळेच्या मंडळींनी ठरवलं होतं. सुटी संपेपर्यंत खोली मोकळी हवी होती.

"घर मिळायला थोडा वेळ लागेल, सर," मी म्हणालो. "त्यात आमच्या घरी..."

"ते मी पाहिलंय," हेडमास्तर टेबलाकडे बघत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "पण नाईक, शाळेत बाळंतपण... नियमांत तशी तरतूद नाही हो."

तर आम्ही घर शोधायला निघालो.

पहिले भेटले नाना. कोर्टात बेलीफ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. घरामागे दोन खोल्या रिकाम्या आणि अंगणात विहीर. शेवंती खांबाजवळ उभी राहिली. त्यांनी मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली.

"गाव कुठलं?"

"गोवा. फोंड्याजवळ."

"म्हणजे तुम्ही पोर्तुगीज."

"नाही, नाईक."

"ते नाव झालं हो. सरकार कोणतं तुमचं?"

मी जरा विचार केला. "सरकार पोर्तुगीज आहे, पण मी..."

"घरात पाव खाता?"

"मिळाला तर."

नानांनी विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या विहिरीचं पाणी तुम्हाला मानवायचं नाही." इतक्या हळुवारपणे मला आजवर कोणी 'नाही' म्हटलेलं नाही. आमच्याकडे पूर्वी पाद्री लोकांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट नानांपर्यंतही पोचली होती. माझ्या खिशात पाव आहे की काय, हे त्यांनी तपासलं नाही एवढंच.

दुसरे भेटले बाजारपेठेतले एक शेटजी. त्यांनी काहीच विचारलं नाही. जागा दाखवली, कुलूप दाखवलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मी किल्ली नेऊन शेवंतीला दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि लेझिमी खुंटीवरून उतरवायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजी स्वतः शाळेच्या दारात.

"मास्तर, राग मानू नका. काल आमच्या ओळखीच्या वकीलसाहेबांना सहज विचारलं. ते म्हणाले, यांचं मूल माझ्या जागेत जन्मलं तर ते कोणत्या सरकारचं?"

"आमचं," मी म्हणालो.

"तसं नाही. उद्या तिकडच्या सरकारने विचारलं, आमची प्रजा कुठे आहे, तर पत्ता कुणाचा? माझा."

मी गणित शिकवणारा माणूस. हे उदाहरण माझ्या पुस्तकात नव्हतं. शेवंतीने पदराची गाठ सोडून किल्ली दिली. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ शेटजी आणि मी दोघंही दक्षिण अमेरिका पाहत उभे राहिलो.

त्यानंतर आणखी चार घरं झाली. एका ठिकाणी शेवंतीकडे बघून दार लोटलं, एका ठिकाणी माझं बोलणं ऐकून. तळ्याजवळच्या एका घरी बाई फार प्रेमाने बोलल्या, चहा दिला, आणि मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना विचारून सांगते." ते 'हे' त्यांच्या मागेच उभे होते. चौथ्या घराहून परतल्यावर शेवंतीने चपला काढल्या तेव्हा तिचे पाय सुजून लाल झाले होते. तिने ते गरम पाण्याच्या परातीत ठेवले आणि म्हणाली, "उद्या मी येत नाही. तुम्हीच जा." त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली. घर मिळणार नाही ही भीती होतीच. पण तिला मी इथे कशाला आणलं, ही त्याहून मोठी.

शाळेचा शिपाई सखाराम हे सगळं बघत होता. तो पोलादपूरकडचा. घंटा देऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, म्हाडात काय ठेवलंय? आमच्या पोलादपूरला बगा. भागाकाकीची मागली खोली रिकामी हाय. घोव तिचा मुंबईत गिरणीत असतो. यष्टीनं रोज येजा करा."

मी रविवारी शेवंतीला घेऊन पोलादपूरच्या एस.टी.त बसलो. आणि गाडी महाडच्या बाहेर पडली न पडली तोच मला ती कल्पना सुचली, जिच्यामुळे पुढचं सगळं झालं. इतके दिवस आपण खरं सांगत होतो, इथेच चूक होत होती.

"हे बघ," मी हळूच म्हणालो, "आपण वेंगुर्ल्याचे."

"कोण आपण?"

"आपण दोघं. भाषा जवळजवळ तीच. वेंगुर्ला आपल्या हद्दीत... म्हणजे ह्यांच्या हद्दीत आहे. कोणाला कळणार नाही."

"मला खोटं बोलता येत नाही," शेवंती म्हणाली. थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि तुम्हाला तर मुळीच येत नाही."

तिने होकार दिला, असं मी धरून चाललो. वेंगुर्ल्याला मी जन्मात गेलो नव्हतो, हा मुद्दा त्या क्षणी मला किरकोळ वाटला.

भागाकाकीच्या अंगणात भाताची झोडणी चालली होती. काकी पन्नाशीची, उंच, हातात भाताची पेंढी. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. शेवंतीच्या पायांकडे पाहिलं.

"कितवा गो?"

"सातवा."

"मग उभी कशापायी? आत ये."

आणि तिला हाताला धरून घरात घेऊन गेली. मी पडवीत राहिलो. तिथे काकीचा दीर धोंडूभाऊ सुतळी वळत बसला होता. शेजारच्याच घरात राहायचा, आणि भाऊ मुंबईला असल्यामुळे या घराची राखण आपल्यावर आहे, असं त्याच्या मिशांवरूनच कळत होतं.

"गाव कुठलं, मास्तर?"

"वेंगुर्ला," मी म्हणालो. अगदी सहज निघालं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

धोंडूभाऊने सुतळी खाली ठेवली. "आसं? मी तीन वर्सं आगबोटीवर व्हतो. खलाशी. येंगुर्ल्याला किती डाव उतारलोय. घर कुठं तुमचं?"

सखारामाने हे मला सांगायला हवं होतं.

"बंदराजवळ."

"बंदराच्या कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"उजव्या अंगाला दर्या हाय."

"म्हणजे दर्याकडे पाठ करून उजव्या."

"तसं केलं तर टेकडी येती. तिथं वस्ती नाय."

"टेकडीच्या पायथ्याशी," मी म्हणालो. "नंतर झाली."

धोंडूभाऊने माझ्याकडे नीट पाहिलं. दिवाळीच्या थंडीतही माझ्या कपाळावर घाम आला होता. तेवढ्यात आतून काकी बाहेर आली, तिच्या मागे शेवंती, हातात गुळपाण्याचा पेला.

"भावजी, चांगली पोर हाय," काकी म्हणाली. "गोव्याची हाय. फोंडं का काय म्हणती."

"मास्तर तर येंगुर्ल्याचे हायत."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. इथे मी कबुली दिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि माझी थोडीफार अब्रूही राहिली असती. पण मी म्हणालो, "मी वेंगुर्ल्याचा. ती गोव्याची."

"मग लगीन कुठं झालं?" धोंडूभाऊने विचारलं.

"वेंगुर्ल्याला," मी म्हणालो.

"फोंड्याला," शेवंती म्हणाली.

हे दोन्ही शब्द एकाच वेळी बाहेर पडले. झोडणी करणाऱ्या दोन बायांचे हात थांबले.

"म्हणजे दोन्हीकडे," मी म्हणालो. "थोडं थोडं."

"मानसं किती व्हती लग्नाला?"

वेंगुर्ल्यातल्या ज्या माणसांना मी ओळखत नव्हतो त्यांना लग्नाला आणणं मला अवघड वाटलं. म्हणून म्हणालो, "फार कोणी नव्हतं. घाईत झालं."

धोंडूभाऊ उठून उभा राहिला. त्याच्या डोक्यात आता सगळं जुळलं होतं. दोघांची गावं वेगळी, लग्नाला माणूस नाही, घाई झालेली, आणि पोरगी सातव्या महिन्यात. तो काकीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला (आगबोटीवरच्या माणसाचा हळू आवाज सगळ्या अंगणाला ऐकू जातो), "वयनी, ह्यानं ही पोरगी पळवून आणलीय. आपल्या दारात नको ही भानगड. मी पाटलाला बोलावतो."

परदेशी म्हणून घर मिळत नव्हतं, म्हणून मी वेंगुर्ल्याचा झालो होतो. आता अर्ध्या तासात परक्याची पोरगी पळवणारा झालो. शेवंती माझ्याकडे बघत नव्हती. तिने पेला खाली ठेवला, जपून, आवाज होऊ न देता. ही खूण फार वाईट असते, हे मला पुढच्या तीस वर्षांत कळलं.

पोलीस पाटील आले. वयस्क, ताठ, लढाईत जाऊन आलेले. त्यांनी बाजेवर बसून दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला विचारलं, "लग्नाचा काय पुरावा?"

पुरावा होता. आमच्याकडे पोर्तुगीज अमलात लग्नाची सरकारी नोंद करावीच लागते. तो दाखला, शिक्का-तिकिटासह, त्या मेणकापडाच्या पिशवीत होता आणि ती पिशवी मी कधी हातावेगळी करत नसे. मोठ्या आनंदाने मी तो कागद पाटलांच्या हातात दिला आणि देतादेताच लक्षात आलं, की हा पुरावा माझ्याच विरुद्ध जाणार.

पाटलांनी शिक्का पाहिला. "ही कुठली भाषा?"

"पोर्तुगीज."

"तुम्हाला वाचता येती?"

"येते."

"येंगुर्ल्याला शिकवतात?" धोंडूभाऊने विचारलं.

मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि वाचायला लागलो. नावं, वडिलांची नावं, आजोबांची नावं, सगळं मराठीत करून सांगत गेलो. मग ती ओळ आली, नवरा मुलगा जन्माने कुठला. माझा आवाज जरा खाली गेला. "जन्म वेंगुर्ला," मी वाचलं.

"येंगुर्ला कुठं लिवलंय?" पाटलांनी विचारलं.

मी बोट ठेवलं. पाटलांनी चष्मा पुसला, कागद जवळ घेतला. पलटणीत त्यांना इंग्रजी अक्षरांत लिहावाचायला शिकवलं होतं, हेही मला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते एकेक अक्षर सावकाश वाचत गेले.

"पी. ओ. एन. डी. ए." ते थांबले. "मास्तर, हे तर पोंडा झालं."

एक कोंबडी भाताच्या कणसांत शिरली, तिला कोणी हाकललं नाही.

आणि मग शेवंती बोलली. इतके दिवस नानांच्या ओटीवर, शेटजींच्या समोर, त्या चार घरांच्या दारांत ती गप्प उभी राहिली होती. ते सगळं त्या अंगणात बाहेर आलं. मराठी बाजूला राहिली, ती सरळ आमच्या कोंकणीत सुरू झाली.

"हांवें तुमकां सांगिल्लें, फट मारूं नाकात!" (फट म्हणजे खोटं. पण अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.) पुढे ती काय काय म्हणाली ते सगळं मी इथे देत नाही. माझं गणित आलं, माझी अक्कल आली, माझे वडील माझ्याबद्दल काय म्हणायचे तेही आलं. बाजारात मी नेहमी किडकी वांगी आणतो, हेही आलं. त्याचा इथे काय संबंध, असं विचारायचं माझ्या मनात आलं होतं, पण पाटीलही मान हलवून ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, मी कोणाची चोरी केलेली नाही, मला घर देऊ नका, पण माझ्या लग्नाला कोणी नव्हतं असं म्हणू नका. माझी आई तीन दिवस उभी होती.

ती खाली बसली. मी उभाच होतो, हातात दाखला घेऊन.

भागाकाकीने पदराने हात पुसले. "भावजी," ती म्हणाली, "ही पळून आलेली नाय."

"कशावरनं?"

"पळून आलेली बाय नवऱ्याला पयलं वरीसभर तरी आसं बोलत नाय. ही रीतसर दिलेली हाय."

पाटलांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चौकशी संपली होती.

"आता खरं सांगा, मास्तर," काकी मला म्हणाली. "खोटं कशापायी बोललात?"

मी सांगितलं. नाना, शेटजी, सगळं. हद्दीचं सांगितलं. सातव्या महिन्यात पाठवा म्हणून आलेलं पत्र, आणि पाठवली तर ती परत येईल की नाही हे कोणी सांगत नाही, तेही. मी वर्गात तासभर बोलतो, पण ते पाच मिनिटांचं बोलणं मला जड गेलं.

काकी पेंढी घेऊन परत झोडायला लागेल असं मला वाटलं. तशी तिने ती उचललीही. मग तशीच हातात धरून उभी राहिली.

"माजी थोरली मुंबईत बाळतीण झाली," ती म्हणाली. "चाळीत. पयलंच व्हतं. हिकडं भात कापणीला आलेलं, मला निगता आलं नाय. शेजारच्या कुण्या बायनं तिचं सगळं केलं. न्हाणलं, शेकलं, खायला घातलं. त्या बायचं नाव बी मला ठाव नाय." तिने धोंडूभाऊकडे पाहिलं. "ती बाय कुठली व्हती, कोण इचारीत बसलं? खोली झाडून घ्या, भावजी."

धोंडूभाऊने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि झाडू आणायला गेला.

पाटलांपुढे मात्र अडचण होती. गावात बाहेरचं माणूस राहायला आलं तर त्यांना वहीत लिहावं लागे. "हिथं काय लिवू?" त्यांनी विचारलं. "परदेशी?"

"लिवा," काकी म्हणाली, "भागीरथीची पावणी."

"आणि मास्तर?"

काकीने माझ्याकडे पाहिलं. "त्यांचं तुमी बगा."

पाटलांनी काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही. आम्ही त्या आठवड्यात सामान आणलं. मी रोज एस.टी.ने महाडला जात-येत राहिलो आणि शेवंती काकीबरोबर भात पाखडायला, कडवे वाल सोलायला शिकली. धोंडूभाऊ दोन महिने माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला. त्यातही मी "आज आभाळ आलंय" म्हटलं की तो अंगणात जाऊन खात्री करून यायचा.

माघ सुरू झाला आणि एका दुपारी मी सातवीच्या वर्गात भागाकार शिकवत असताना दारात धोंडूभाऊ उभा राहिला. पायात चपला नव्हत्या.

"मास्तर, घरी चला."

"काय झालं?"

"ते वयनी सांगंल. मला सांगू नको म्हणालीय."

एस.टी.त मी त्याला पाच वेळा विचारलं. तो प्रत्येक वेळी खिडकीबाहेर बघायचा. त्याचा चेहरा इतका गंभीर होता, की वाटेतल्या प्रत्येक वळणावर मी एकेक वाईट गोष्ट मनात आणली आणि शेवटच्या वळणावर शेवंतीच्या आईला काय लिहायचं याची पहिली ओळही जुळवली. पोलादपूरला उतरून मी धावतच सुटलो. अंगणात काकी उभी होती.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "दोगी बऱ्या हायत."

मी तिथेच, पडवीच्या पायरीवर बसलो आणि रडलो. पाटील समोरून चालले होते, तेही थांबले. धोंडूभाऊ मागून आला, धापा टाकत.

"म्हणून सांगितलं नाय," तो पाटलांना म्हणाला. "गाडीत रडलं असतं. मानसं बसलेली व्हती."

काकीने शेवंतीचं जे केलं ते लिहायला मला जमणार नाही. सव्वा महिना तिने तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही. रोज सकाळी स्वतः पाणी तापवायची, तेल लावायची, डिंकाचे लाडू समोर बसून खायला लावायची. सासूबाईंना मी पत्र लिहिलं. ते बेळगावमार्गे कधी पोचलं देव जाणे. उत्तर आलं तेव्हा मुलगी बसायला लागली होती. पत्रात एकच प्रश्न होता: माझ्या शेवंतीला तेल कोणी लावलं?

मग एक दिवस गोवा मोकळा झाला. परवाने गेले, झडत्या गेल्या. पुढच्याच उन्हाळ्यात सासूबाई आल्या. आम्ही तोवरही त्याच खोलीत होतो. नात चार वर्षांची झाली होती, "नाय" आणि "हाय" करत अंगणभर पळत होती. आजीने तिला उचललं, पोटाशी धरलं, पण बोलल्या मात्र पहिल्यांदा भागाकाकीशी. तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि कोंकणीत किती तरी वेळ बोलत राहिल्या. काकी त्यातला एक शब्द न कळता सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणत होती. दोघींचे डोळे वाहत होते. शेवंती मध्ये उभी होती. तिने कोणाचंच कोणाला समजावून सांगितलं नाही.

शेवटी सासूबाईंनी मोडक्यातोडक्या मराठीत, सगळ्यांना कळेल असं म्हटलं, "तुम्ही माझ्या जावयाला जागा दिली. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

काकीने डोळे पुसले. तिला ते बरोबर वाटलेलं दिसलं नाही.

"जावयाला कुठं दिली?" ती म्हणाली. "जागा म्या पोरीला दिली. मास्तर आपले सामानाबरूबर आले."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. लग्नात त्यांनीही सगळं शेवंतीसाठीच केलं होतं आणि मी तेव्हाही सामानाबरोबरच आलो होतो, हे त्यांना आठवलं असावं.